गेमच्या मासिकातली दोन अक्षरं

मासिक बंद झालं तेव्हा पुढच्या अंकासाठीची माझी सहा पानं लिहून तयार होती. मंगळवारची दुपार होती. मुंबईतल्या एका औद्योगिक वसाहतीत दुसऱ्या मजल्यावर आमचं ऑफिस होतं. आम्ही सात जण मिळून महिन्याला एक इंग्रजी अंक काढायचो. कॉम्प्युटरवर आणि टीव्हीला जोडून खेळायचे गेम, कुठला घ्यावा, कुठला घेऊ नये, अडलेली पातळी कशी पार करावी, एवढाच आमचा विषय. त्या दिवशी मूळ कंपनीकडून एक बाई आल्या होत्या. त्यांनी आम्हाला एकेक करून आतल्या खोलीत बोलावलं. माझा नंबर चौथा.

बाई सौम्य बोलत होत्या. वाचक आता सगळं इंटरनेटवर फुकट वाचतात, जाहिरातीही तिकडेच गेल्या, अंकांचे गठ्ठे स्टॉलवरून न सोडताच परत येतात, यात तुमचा काही दोष नाही. मी मान हलवली. बाहेर आले तर पानांची मांडणी करणारा आमचा सहकारी पुढच्या अंकाचं मुखपृष्ठ पूर्ण करत बसला होता. त्याला माझ्या आधीच सांगून झालं होतं. त्याने बारकोडची चौकट सरळ केली, फाइल सेव्ह केली आणि म्हणाला, "चला, चहा घेऊ."

सात वर्षं मी त्या मासिकात होते. लेखाखाली माझं नाव एकदाही छापलं गेलं नाही. दोन इंग्रजी अक्षरं असायची, नावाचं पहिलं आणि आडनावाचं पहिलं. ती सवय नांदेडपासूनची.

मी मूळची किल्लारीजवळच्या एका गावची. भूकंप झाला तेव्हा दहा वर्षांची होते आणि गावात नव्हते. टॉन्सिलच्या ऑपरेशनसाठी मला नांदेडला मावशीकडे ठेवलं होतं. वडील एसटीत ड्रायव्हर, त्यांची गाडी दुसऱ्या गावी मुक्कामाला होती. घरात आई आणि धाकटा भाऊ, दोघंच. पहाटे मावशीच्या मांडणीवरची भांडी वाजली. मावशी उठून "मांजर हाय का" म्हणाली आणि परत आडवी झाली. आमचं घर त्याच वेळी गेलं होतं, हे दुपारी कळलं.

त्यानंतर मी नांदेडलाच राहिले. शाळेत, गल्लीत, किराणा दुकानात माणसं मला पाहिलं की आवाज खाली घ्यायची. कुणी डोक्यावरून हात फिरवायचं, कुणी हातावर गोळी ठेवायचं. मला ते नको असायचं, पण तसं सांगता येत नव्हतं. गल्लीच्या तोंडाशी एका चाचांचं टीव्ही-रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं, त्यांच्या वडिलांपासूनचं. मागच्या खोलीत चार जुने टीव्ही मांडून त्यांनी व्हिडिओ गेम सुरू केले होते. माझी शाळा सकाळची. दुपारी बाकीची मुलं शाळेत असायची आणि ती खोली रिकामी.

"बैठो बेटा, मशीन वैसेच खाली पडी है," चाचा म्हणाले.

ते बाहेर तारांना डाख देत बसायचे, मी आत रणगाडे चालवायची. दोन-दोन तास कोणी माझ्याशी बोलत नसे. चाचांनी मला भूकंपाबद्दल कधी एक शब्द विचारला नाही. बटण अडकलं तर येऊन ठीक करायचे, बस.

कॉलेजात असताना नांदेड स्टेशनच्या बुकस्टॉलवर ते मासिक दिसलं. बरोबर सीडी होती. गेमवर कुणी एवढं गंभीरपणे लिहितं, हे मला माहीतच नव्हतं. कॉलेजच्या लॅबमध्ये सगळे गेल्यावर मी सीडीतले गेम खेळायची. एकदा मासिकात चूक सापडली. एका गेममध्ये तळघरातल्या किल्लीने तिसऱ्या मजल्यावरचं दार उघडतं, असं छापलं होतं. ते उघडत नाही. मी चार दिवस त्या किल्लीमागे घालवले होते. दार लिफ्टच्या बाजूने उघडतं. हे मी शब्दकोश जवळ घेऊन आंतर्देशीय पत्रावर लिहून पाठवलं आणि खाली दोन अक्षरं टाकली. मुलगी आहे म्हटलं तर छापणार नाहीत असं वाटलं.

पत्र छापून आलं. संपादकांनी आणखी मागवलं. दोन वर्षं मी नांदेडहून लिहीत राहिले. मग एके दिवशी मावशीच्या घरी फोन वाजला. पलीकडून संपादक त्या दोन अक्षरांआधी 'मिस्टर' लावून विचारत होते. मावशी म्हणाली, "असं कोणी न्हाई इथं," आणि ठेवायलाच निघाली. मी धावत जाऊन रिसीव्हर घेतला. माझा आवाज ऐकून त्यांनी 'मिस्टर' सोडून दिलं. मग विचारलं, "सोमवारी मुंबईला येऊ शकाल का?"

नोकरी लागल्यावरही सही तीच ठेवली. वाचकांना सवय झाली आहे, असं संपादक म्हणाले. माझीही तक्रार नव्हती. माझ्याकडे दोन कामं होती. गेम खेळून त्यावर लिहायचं आणि वाचकांची पत्रं उघडायची. महिन्याला तीन पत्रं निवडून छापायची, त्यांना उत्तर द्यायचं. उरलेली एका पोत्यात जायची. पोतं भरलं की तोंड बांधून कपाटामागे. बहुतेक पत्रं 'डियर सर' अशी सुरू व्हायची आणि ते सर म्हणजे मी.

एकदा बोलता बोलता संपादकांना माझ्या गावाचं कळलं. ते म्हणाले, यावर लिही. सगळं हरवलेल्या मुलीला गेममध्ये पुन्हा पुन्हा जीव मिळतो, मुखपृष्ठावर घेऊ. माणूस वाईट नव्हता. मी अर्धं पान लिहिलं आणि फाडलं, कारण ते खरं नव्हतं. गेममध्ये मेलेला परत उभा राहतो म्हणून मी खेळत नव्हते. तिथे कोणी बोलत नसे म्हणून खेळत होते. एवढ्यावर मुखपृष्ठ होत नाही.

शेवटच्या दोन वर्षांत पोतं भरेनासं झालं. सीडी बंद झाली. कागद पातळ झाला, पानं कमी झाली. आम्ही ते एकमेकांना बोलून दाखवत नव्हतो. मग तो मंगळवार आला.

त्यानंतर तीन महिने मी मुंबईत काम शोधलं. वेबसाइटवाल्यांना दिवसाला चार मजकूर हवे होते. काहींना कॅमेऱ्यासमोर बसून ओरडत खेळणारं माणूस हवं होतं. मला ते जमलं नसतं. तेवढ्यात लातूरच्या एका क्लासची जाहिरात दिसली. सराव परीक्षांच्या पुस्तिका तयार करायच्या, इंग्रजी चांगलं पाहिजे, पानं लावता आली पाहिजेत. वडील निवृत्त होऊन पुनर्वसनातल्या घरी एकटेच राहत होते. लातूरहून तिथे जायला वेळ लागत नाही. मी परत आले.

लातूर तोवर पुरतं क्लासचं शहर झालं होतं. चौकाचौकात पहिल्या आलेल्या मुलांचे फोटो, खाली टक्के. गल्लीगल्लीत मेस, अभ्यासिका, मुलींची वसतिगृहं. परगावची मुलं पाठीवर दप्तर घेऊन सकाळी सहापासून चालत असायची. मी एक खोली भाड्याने घेतली. खाली घरमालकीण, वर मी. क्लासमध्ये जिन्याखालच्या खोलीत माझं टेबल, कॉम्प्युटर आणि पुस्तिकांचे गठ्ठे. भौतिकशास्त्राचे शंभर प्रश्न, चार पर्याय, शेवटी उत्तरतालिका. दर शनिवारी एक पुस्तिका छापून यायची. आठवड्यात माझ्याशी बोलायला येणारे म्हणजे चुका घेऊन येणारे शिक्षक. सत्तेचाळिसाव्यात क आणि ड सारखेच आलेत, मॅडम. बरं, बदलते. झालं.

रविवारी जीपने वडिलांकडे जायची. पुनर्वसनातले रस्ते रुंद आहेत आणि घरं एकसारखी, पण वडील अजून जुन्या गावाच्याच खुणांनी पत्ता सांगायचे. त्यांना वाटायचं मी मुंबईहून सुट्टीवर आलेय.

"कवा जायचं परत?" ते विचारायचे.

"आता इथंच आहे, अण्णा. लातूरला."

"हां, ते सांगितलं हुतंस," म्हणायचे आणि पुढच्या रविवारी परत विचारायचे. नंतर माझ्या लक्षात आलं की ते विसरत नव्हते. परत जायचं असेल तर मला वाट ठेवत होते.

क्लासमध्ये भौतिकशास्त्र शिकवणारे एक सर होते. देगलूरकडचे, तिशीतले, लग्न न झालेले. चारच्या सुट्टीत ते समोरच्या टपरीवर चहा घ्यायचे. मीही तिथेच घ्यायची. पहिले दोन महिने आम्ही पुस्तिकेतल्या चुकांपलीकडे काही बोललो नाही. एकदा दोन मुलं मोबाइलवर गेम खेळत उभी होती. सर त्यांच्याकडे पाहत म्हणाले, "ह्यांना काय कळतंय, मॅडम. आमच्या वेळेला गेमवर लिहिणारे लोक होते."

"कुठं?" मी विचारलं.

त्यांनी आमच्या मासिकाचं नाव घेतलं.

"नांदेडला इंजिनिअरिंग करून राहिलो होतो तवा," ते म्हणाले. "स्टेशनवर जाऊन अंक आणायचो. बाकीचे लेखक ठीक. पण एक सर होते, निस्ती दोन अक्षरं टाकायचे खाली. लई भारी लिहायचे. इंग्लिश मी त्यांच्यामुळं शिकलो. समद्या अंकांचा गठ्ठा हाय माझ्याकडं अजून."

मी चहाचा ग्लास दुसऱ्या हातात घेतला. त्या वेळी सांगायला पाहिजे होतं. सांगितलं असतं तर हसून एक मिनिटात संपलं असतं. पण मी म्हणाले, "असं होय? कशावर लिहायचे?"

मग ते बोलत राहिले. दुसऱ्या दिवशीही बोलले. हळूहळू चारची सुट्टी म्हणजे तोच विषय झाला. त्या सरांनी एका प्रसिद्ध गेमला कसं झोडपलं होतं. एका जुन्या, कुणी न खेळलेल्या गेमवर कशी दोन पानं लिहिली होती. काही वाक्यं त्यांना पाठ होती. मी विसरलेली माझी वाक्यं मला टपरीवर उभं राहून ऐकायला मिळत होती. कधी ते म्हणायचे, "सरांना फॅमिली नसावी, मॅडम. एवढं खेळायला वेळ कुठून मिळतो?" मी म्हणायची, "नसेल."

आठ महिने हे चाललं. मला त्याची लाज वाटायची आणि पावणेचार वाजले की मी घड्याळाकडे बघायची. आठवड्यातून सहा वेळा एक माणूस मनापासून माझ्याबद्दल बोलत होता. मी सांगितलं असतं तर ते बोलणं तिथेच थांबलं असतं. पुस्तिका लावणारी बाई म्हणून माझ्याशी बोलायला त्यांच्याकडे काय होतं?

एके दिवशी ते म्हणाले, "मी दोनदा पत्र टाकलं होतं सरांना. दुसऱ्या वर्षाला असताना. उत्तर न्हाई आलं. बिझी असतील."

त्या दिवशी चहा संपवून मी लवकर खोलीवर गेले. पत्रं मीच उघडायची. त्यांची दोन्ही पत्रं माझ्या हातातून गेली होती आणि मीच ती पोत्यात टाकली होती. संध्याकाळभर आठवायचा प्रयत्न केला. देगलूर, नांदेड, निळी शाई, काहीतरी. काहीच आठवलं नाही. मासिक बंद झालं तेव्हा ती पोती कपाटामागेच राहिली होती. त्यांचं काय झालं, मी विचारलंही नव्हतं.

त्या उन्हाळ्यात लातूरला पाण्याचे फार हाल होते. बरीच परगावची मुलं घरी निघून गेली. सुट्टीनंतर क्लासच्या मालकांनी सगळ्या मुलांना टॅब द्यायचं ठरवलं. एका दुपारी त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं. माझ्या आधी ऑफिसमधले दोघं आत जाऊन आले होते, त्यांचे चेहरे पाहूनच मला कळलं.

"मॅडम, छपाई बंद करून राहिलो आपण," मालक म्हणाले. "पोरं टॅबवरच पेपर देतील. प्रश्न बाहेरची कंपनी देणार हाय. तुमच्या कामात खोट न्हाई. महिनाअखेरपर्यंत या."

"बरं," मी म्हणाले. या वेळी काय बोलायचं ते मला माहीत होतं.

चार वाजले होते. सर टपरीवर उभे होते. त्यांनी विचारलं, "कशाला बोलावलं होतं?" मी सांगितलं. त्यांना खरंच वाईट वाटलं. मालकांशी बोलून बघतो म्हणाले. मी नको म्हटलं. मग मी म्हणाले, "सर, ते लेख मी लिहायचे."

"कोणते?"

"दोन अक्षरांचे."

ते हसले नाहीत. माझ्याकडे बघत राहिले. मग मनातल्या मनात माझं नाव आणि आडनाव जुळवून पाहिलं असावं. त्यांच्या चहावर साय धरली.

"पत्रं कोण उघडायचं तिथं?" त्यांनी विचारलं.

"मीच."

"म्हंजे माझी तुम्ही वाचली असतील."

"उघडली असणार. मला आठवत नाहीत, सर. खरं सांगते. खूप यायची, तीन छापायचो. बाकीची पोत्यात टाकायची."

त्यांनी मान हलवली. म्हणाले, "दुसऱ्यांदा नापास झालो होतो मी. कॉलेज सोडावं का, असं विचारलं होतं. खोलीवर बोलायला कोणी न्हवतं. वाटलं, सरांना विचारावं. त्यांना कळेल."

"मग?"

"मग उत्तर न्हाई आलं, म्हणून परीक्षेला बसलो."

ही तक्रार होती की काय, मला कळलं नाही. बहुतेक त्यांनाही माहीत नसावं. घंटा झाली. त्यांची बॅच होती. ग्लास तसाच ठेवून ते गेले.

पुढचे दोन आठवडे ते टपरीवर आले नाहीत. मी चार वाजता जाऊन उभी राहायची आणि चहा घेऊन परत यायची. शेवटच्या दिवशी मी टेबल आवरत असताना ते जिन्याखाली आले. हात खडूने पांढरे होते.

"आठ महिने तुम्ही ऐकून घेत होता," ते म्हणाले.

"हो."

"मी काय काय बोललो असेन."

"चांगलंच बोललात."

"म्हणून तर." ते म्हणाले. "माझं हसू आलं असेल का तुम्हाला, हेच डोक्यात येऊन राहिलं."

"नाही, सर. दुसरं कोणी माझ्याबद्दल बोलत नव्हतं. म्हणून ऐकत होते."

त्यांनी हातांवरचा खडू झटकला. म्हणाले, "तुम्ही मला सांगायचं होतं, मॅडम. मी तरीबी बोललो असतो."

ते बरोबर बोलत होते की नाही, हे कळायचा मार्ग आता राहिला नव्हता. त्यांनी गठ्ठे उचलायला मदत केली, दोन पुस्तिका सरळ करून वर ठेवल्या आणि वर्गात गेले. पुढच्या वर्षी क्लासने नांदेडला शाखा काढली, तिकडे त्यांची बदली झाली. तिथून त्यांनी दोनदा फोन केला. एकदा दिवाळीला, एकदा लग्न ठरल्यावर. दोन्ही वेळा आम्ही नीट बोललो. गेमचा विषय त्यांनीही काढला नाही, मीही नाही. नंतर फोन आला नाही. लग्नाला मी गेले नाही, कारण त्याच आठवड्यात अण्णांना दवाखान्यात ठेवलं होतं. पत्रिका मात्र आली होती.

मी लातूरलाच आहे. टॅब सगळ्यांना परवडत नाही, त्यामुळे लहान क्लासच्या, लातूरजवळच्या मुरुडकडच्या एक-दोन शाळांच्या प्रश्नपत्रिका अजून कागदावर निघतात. त्या मी खोलीवर बसून लावून देते. सकाळी काम, दुपारी काम. संध्याकाळी कधीतरी एखादा जुना गेम लावते, अर्ध्या तासात बंद करते. पूर्वी त्या शांततेसाठी खेळायची, आता ती खोलीत आयती असते.

मागच्या महिन्यात घरमालकिणीची सून नव्याने राहायला आली. गच्चीवर कपडे वाळत घालताना तिने विचारलं, "ताई, तुम्ही आधी काय करत होता?"

इतकी वर्षं मी 'छपाईत होते' असंच सांगत आले होते. या वेळी म्हणाले, "मुंबईला होते. गेमच्या मासिकात."

"म्हंजे खेळाडू होता का?"

"नाही. गेमवर लिहायचे. कोणता चांगला, कोणता वाईट."

ती एक चादर झटकत ऐकत होती. "असं बी काम असतंय का?"

"असायचं."

"बरं," ती म्हणाली. मग चिमटे तोंडात धरूनच तिने विचारलं, खाली पाण्याची मोटार मी बंद केली होती का. मी नाही म्हणाले आणि बंद करायला खाली गेले.